अनुभव ऐकून पूर्वग्रह खरंच जातात का? गप्पांचा गट चालवणाऱ्यांनी जरा सांगा

ओसरी:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो. ज्यांच्याबद्दल बाकीच्यांच्या डोक्यात आधीच काहीतरी पक्कं बसलेलं असतं अशा एका व्यक्तीला बोलावतो, ती स्वतःचं सांगते आणि मग गप्पा होतात. तुरुंगातून सुटून आलेले एक गृहस्थ आले होते, एक ट्रान्सजेंडर मुलगी आली होती, एचआयव्हीसोबत बरीच वर्षं जगणाऱ्या एक बाई आल्या होत्या. भाषण नाही, माईक नाही, गोल करून बसायचं आणि ऐकायचं एवढंच.

गेल्या वेळी स्किझोफ्रेनिया असलेला एक मुलगा आला होता. छान बोलला. म्हणाला की मला आवाज ऐकू यायचे ना, तेव्हा आवाजांपेक्षा घरच्यांच्या नजरेची जास्त भीती वाटायची, कारण मी खोलीत आलो की ते आधी माझ्या हातांकडे बघायचे, हातात काय आहे ते, आणि मग चेहऱ्याकडे. खोली एकदम चिडीचूप झाली, दोघीतिघींच्या डोळ्यात पाणी आलं. सगळं संपल्यावर आमच्यातल्या एका काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "तू अजिबात त्यातला वाटत नाहीस रे!" अगदी मनापासून, कौतुकानेच म्हणाले. तो हसला, पण मी शेजारीच उभी होते, त्याने बॅगेची चेन उगाचच दोनदा उघडली, लावली आणि "निघतो" म्हणून गेलासुद्धा.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. काका वाईट नाहीत हो, दर वेळी येतात, खुर्च्या मांडायला मदत करतात. पण मग बदललं काय? हा एक मुलगा "चांगला" ठरला आणि बाकी सगळे होते तिथेच राहिले. लोक रडतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. याने खरंच काही फरक पडतो का, की आपण नुसतं आपल्या मनाचं समाधान करून घेतो? ज्यांनी असं काही चालवलंय किंवा जे स्वतः असं बोलायला गेलेत त्यांनी प्लीज लिहा. बंद करायचं मनात नाहीये, पण नीट करायचंय.

तळटीप:

ओसरी, फार महत्त्वाचा प्रश्न विचारलात. या विषयावर मी बरंच वाचलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात उत्तर: हो, फरक पडतो, पण नुसतं ऐकवून फारसा नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं एकमेकांना भेटली की पूर्वग्रह कमी होऊ शकतो, पण त्याला अटी आहेत. त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, दोघांचं काहीतरी सामायिक उद्दिष्ट हवं, एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरच्या लोकांचा, म्हणजे संस्था, कायदा वगैरेंचा पाठिंबा हवा. नंतर पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये तोपर्यंतचे ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यातल्या ९४ टक्के अभ्यासांत संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी असंच दिसलं. ऑलपोर्टच्या सगळ्या अटी पाळल्या तर परिणाम जास्त, पण सगळ्या पाळल्याच पाहिजेत असंही नाही.

आता तुमच्या गटाच्या जास्त जवळचं सांगतो. अमेरिकेत २०१४ च्या शेवटी एक शोधनिबंध फार गाजला होता, दारोदार जाऊन स्वतःचा अनुभव सांगितला की लोकांचं मत कायमचं बदलतं म्हणून. ब्रूकमन आणि काला हे दोन तरुण संशोधक त्याच धर्तीवर पुढचं काम करायला गेले तर आकडे जुळेनात, खणत गेले तर मूळ डेटाच विश्वासार्ह नाही असं निघालं आणि २०१५ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. इथेच सगळं संपलं असतं. पण या दोघांनी मायामीमध्ये स्वतःचा प्रयोग पूर्ण केला आणि २०१६ मध्ये छापला. ५०१ मतदार. काहींशी ट्रान्सजेंडर लोकांविषयी साधारण १० मिनिटं बोलायचं आणि बाकीच्यांशी तुलनेसाठी रिसायकलिंगबद्दल. परिणाम खरा निघाला आणि किमान तीन महिने टिकला. बोलणारी व्यक्ती स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, दोन्हीकडे फरक दिसला.

आता त्या १० मिनिटांत काय व्हायचं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे असं मला वाटतं. दार उघडणाऱ्याला आधी त्याचं मत विचारायचे, ते कितीही कडू असलं तरी वाद घालायचा नाही. मग त्याला विचारायचे की तुम्ही वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कधी वाईट ठरवलंय का, कधी तशी वागणूक मिळालीय का. आणि माणसं सांगायची, आपापलं काहीतरी. म्हणजे ऐकणारा स्वतःही बोलायचा! त्याच दोघांनी नंतर २०२० मध्ये जवळपास ७ हजार मतदारांवर केलेले प्रयोग छापले, त्यात ही अनुभवांची देवाणघेवाण काढून टाकून फक्त मुद्दे मांडले तर परिणाम दिसलाच नाही.

तुमच्या बैठकीत एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. काकांना स्वतःचं काही सांगायची वेळच आली नाही, त्यामुळे ते प्रेक्षकच राहिले आणि प्रेक्षक शेवटी अभिप्राय देतो. माझ्या मते तिथे बदल करून बघा.

निळी शाई:

मी बोलणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. मला बायपोलर हा मानसिक आजार आहे आणि मी ह्यूमन लायब्ररीच्या धर्तीवरच्या कार्यक्रमांत "पुस्तक" म्हणून बसलेय. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हे २००० साली डेन्मार्कमध्ये रोस्किल्डे म्युझिक फेस्टिवलमध्ये सुरू झालं, लोक पुस्तकाऐवजी माणूस थोड्या वेळासाठी "वाचायला" घेतात आणि मनातलं काहीही विचारतात. आता ८० हून जास्त देशांत पोचलंय.)

ओसरी ताई, त्या मुलाची ती बॅगेची चेन मला इथे बसून दिसली. "तू त्यातली वाटत नाहीस" हे मी इतक्यांदा ऐकलंय. त्यात समोरच्याचा हेतू चांगला असतो हे कळतं, म्हणूनच उत्तर देता येत नाही. भांडलं तर आपण कृतघ्न, आणि हसलं तर माझ्यासारख्या बाकी सगळ्यांना मी तिथल्या तिथे विकून टाकलं असं वाटत राहतं.

मी ज्या पद्धतीने बसते त्यात काही गोष्टी ठरलेल्या असतात आणि त्या मला फार आधार देतात. एका वेळी समोर एकच किंवा दोनतीनच माणसं, पन्नास जणांची सभा नाही. कुठल्याही प्रश्नाला "याचं उत्तर मला द्यायचं नाही" म्हणायची मुभा, कारण न देता. मी कधीही उठू शकते. आणि आधी कुणीतरी माझ्याशी बसून बोललेलं असतं की कुठपर्यंत सांगायचं, कुठे थांबायचं, घरच्यांची नावं घ्यायची की नाही. ताजी जखम घेऊन आलेल्याला बसवतच नाहीत. हे मला सगळ्यात पटतं, कारण रडारड झाली की कार्यक्रम "हिट" होतो आणि बोलणारा मात्र घरी जाऊन दोन रात्री झोपत नाही.

त्या मुलाला नंतर फोन केला होता का कुणी? केला नसेल तर आज करा, खरंच.

आणि काकांच्या वाक्याबद्दल. आमच्याकडे एक मॉडरेटर आहेत, त्या अशा वेळी शांतपणे विचारतात, "त्यातला म्हणजे कसा? तुमच्या डोळ्यासमोर कोण आलं होतं?" टोमणा नाही हं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. आणि मग बहुतेक वेळा कुणीतरी निघतंच. शेजारचा कुणी, शाळेतली कुणी, कधी सिनेमातलं एखादं पात्र. तिथून खऱ्या गप्पा सुरू होतात, कारण आता आपण माझ्यासारख्या एकीबद्दल बोलत नसतो, त्यांच्या मनात बसलेल्या त्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलत असतो.

रोखठोक:

सगळं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कुणाला लागलं तर लागू दे.

मी व्हीलचेअर वापरते. "तुमचा अनुभव सांगा ना" म्हणून मला आजवर कुठे कुठे बोलावलंय त्याची यादी करत बसत नाही. दर वेळी मीच सांगायचं, मीच समजून घ्यायचं, समोरच्याचं मन हळूहळू उघडेल म्हणून मीच वाट बघायची. आणि जिथे बोलावतात तिथे अर्ध्या वेळेला रॅम्प नसतो! चार जण मिळून खुर्ची उचलतात आणि वर नेऊन मला "समावेशकता" या विषयावर बोलायला सांगतात. अशा ठिकाणी मी आता बोलत नाही. आधी रॅम्प, मग गप्पा.

मन बदलायच्या कामाचा सगळा बोजा ज्याला त्रास होतो त्याच्याच डोक्यावर का? ज्यांच्याकडे पूर्वग्रह आहे त्यांनी कधी गोलात बसून सांगावं की मला कुणी शिकवलं हे, मी कुणाला घर भाड्याने दिलं नाही, कुणाच्या मुलाला आपल्या मुलासोबत खेळू दिलं नाही. तेही अनुभवकथनच आहे की.

दुसरं म्हणजे गप्पांनी गट बदलतो, पण बाहेरचं जग तेवढंच बदलतं का? सल्मा मूसा नावाच्या संशोधिकेचा इराकमधला एक प्रयोग आहे, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आयसिसमुळे घरदार सोडावं लागलेले ख्रिश्चन फुटबॉलपटू, काही संघांत फक्त ख्रिश्चन आणि काहींत मुस्लिम खेळाडू सोबत. सोबत खेळलेल्यांचं वागणं बदललं, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मत देणं, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवणं, सहा महिन्यांनीही मुस्लिमांसोबत सराव करणं, हे सगळं वाढलं. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ओसरी, तुमचे काका त्या मुलाला उद्या मिठी मारतील आणि परवा घर भाड्याने द्यायच्या वेळी "असला पेशंट नको" म्हणतील, हे दोन्ही एकाच माणसाकडून होऊ शकतं.

माझा गप्पांना विरोध नाही. पण गप्पांवर थांबू नका. मिळून काहीतरी काम करा.

तळटीप:

रोखठोक, तुमच्या बोज्याच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत आणि मायामीच्या प्रयोगात ट्रान्सजेंडर नसलेल्यांच्या बोलण्यानेही फरक पडला हे मी लिहिलं ते त्यासाठीच महत्त्वाचं वाटतं, म्हणजे हे काम दुसरेही उचलू शकतात.

पण गप्पांनी गटाबाहेर काहीच पोचत नाही असंही नको म्हणूया. मानसिक आजारांवरच्या कलंकाबद्दल कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७२ अभ्यास तपासले, त्यात मोठ्या माणसांच्या बाबतीत नुसती माहिती देण्यापेक्षा आजारातून गेलेल्या व्यक्तीशी भेट जास्त परिणामकारक निघाली, आणि व्हिडिओपेक्षा समोरासमोरची. किशोरवयीन मुलांत मात्र उलट, तिथे माहिती देणं जास्त उपयोगी. त्यामुळे शाळेतल्या मुलांसाठी करणार असाल तर पद्धत वेगळी ठेवा, मोठ्यांचाच कार्यक्रम उचलून तिकडे नेऊ नका.

पायवाट:

मी फक्त ऐकणारा होतो, त्या बाजूने लिहितो.

माझ्या मनात तुरुंगातून सुटलेल्यांबद्दल राग होता आणि त्याला कारण होतं, आमच्या घरात चोरी झाली होती आणि आई त्या रात्री एकटी घरात होती. नंतर किती महिने ती दाराची कडी तपासायला रात्री उठायची. मी एका अशाच गटात गेलो तो बायको म्हणाली म्हणून. समोर जो माणूस होता तो घरफोडीच्याच गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला. त्याची कहाणी ऐकून माझं मन पाघळलं वगैरे काही नाही, उलट मी चिडलो. मी बोललो त्याला, आईचं सांगितलं, कडीचं सांगितलं. कुणी मला गप्प केलं नाही आणि "तो आता बदललाय" असंही कुणी म्हणालं नाही. तो माणूस ऐकत होता. माफी वगैरे मागितली नाही त्याने, फक्त विचारलं, "आता झोपतात का त्या?"

आजवर आईबद्दल हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पोलिसांनी काय गेलं ते विचारलं, नातेवाईकांनी कुलूप कुठलं होतं ते विचारलं.

त्यानंतर मी लगेच काही बदललो नाही. पण पुढे आमच्या कामाच्या ठिकाणी सुटून आलेल्या एकाला घ्यायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं तेव्हा मी "घ्या" म्हणालो, आणि जे विरोध करत होते त्यांना मूर्ख न म्हणता त्यांची भीती कशाची आहे ते विचारलं. रोखठोक म्हणतायत ते बरोबर आहे, खरी परीक्षा तिथेच असते. पण त्या परीक्षेला मी ज्या तयारीने गेलो ती त्या गोलातच झाली होती, आणि मला माझा राग बाहेर ठेवून या असं सांगितलं असतं तर मी दुसऱ्यांदा गेलोच नसतो.

पॅरेंट्स सर्कल नावाचा इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबांचा गट आहे, १९९५ पासून, संघर्षात घरातलं माणूस गमावलेल्यांचा. दोन्हीकडचे एकत्र बसतात, शाळांत जोडीने बोलायलाही गेलेत. तिथे कुणी वरून शिकवत नाही आणि कुणी नुसता ऐकतही नाही, दोघांकडे सांगायला तेवढंच जड काहीतरी आहे. सगळ्यांना तसं जमणार नाही हे कळतं, पण दोघांनी बोलायचं हे तरी घेता येईल ना.

ओसरी:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं वेळ काढून लिहिलंत.

निळी शाई, फोन केला त्याला. पहिल्यांदा उचलला नाही, मग संध्याकाळी त्यानेच केला. म्हणाला, ताई मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही, वॉर्डात माझ्या शेजारच्या बेडवर एक होता, तो "त्यातलाच" वाटतो आणि त्याचं कुणी ऐकायला येणार नाही, त्याची आठवण आली. मला काही सुचलंच नाही बोलायला. पुन्हा येशील का विचारलं तर म्हणाला, येईन, पण बोलायला नाही, बसायला. मी हो म्हटलं.

मग काकांनाही फोन केला आणि तुम्ही सांगितलं तसंच विचारलं, की तुमच्या डोळ्यासमोर कोण होतं. आधी "कोण कुठे काय" करत राहिले, मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, माझा चुलतभाऊ. मागच्या खोलीत ठेवायचे त्याला, आम्हा मुलांना तिकडे जायची बंदी होती, जेवणाचं ताट दाराशी ठेवून पळत यायचं. तो आतून नावाने हाक मारायचा, सगळ्यांची नावं त्याला पाठ होती. आणि म्हणाले, हे मी घरी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

मला वाटतं हे पुढच्या बैठकीत यायला हवं. काका तयार आहेत. रोखठोक, तुम्ही म्हणालात तसंच होईल, या वेळी आमच्या बाजूचं कुणीतरी बोलेल. आणि हो, आमची खोली पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तळमजल्यावरची एक जागा बघतेय, त्याआधी पुढची बैठक घेत नाही.

एकच शंका, काकांनी तो चुलतभाऊ सांगावा का? तो आता हयात नाही.

निळी शाई:

ताई, शेजारच्या बेडवरच्या त्या माणसाचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

चुलतभावाबद्दल माझं मत सांगते. काकांनी स्वतःचं सांगावं. ताट ठेवून पळण्याचं, हाक ऐकून न थांबण्याचं, आज त्या मुलाला बघून सगळ्यात आधी काय आठवलं त्याचं. ते त्यांचंच आहे, त्याला कुणाची परवानगी नको. भावाचं नाव, गाव, त्याला काय आजार होता, तो कसा गेला हे मात्र सांगू नये, घरात अजून त्याची भावंडं, भाचरं असतील, त्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि तो मुलगा त्या दिवशी बसायला येणार असेल तर काका काय बोलणार आहेत हे त्याला आधी कळू दे, म्हणजे यायचं की नाही ते तो ठरवेल. दाराजवळची खुर्ची त्याच्यासाठी ठेवा.

रोखठोक:

+१. आणि काकांचं बोलून झाल्यावर टाळ्या नकोत, प्लीज. लगेच दोघादोघांच्या जोड्या करा, प्रत्येकाला सात-आठ मिनिटं, "आपल्या घरात कुणापासून लांब राहायला शिकवलं होतं" एवढा एकच प्रश्न द्या. तळमजल्याची जागा मिळाली की इथे लिहा, जवळपास असेन तर मी येईन.